शेवटच्या शंभर फुटांचा प्रश्न

१८७० साली मुंबई समुद्राखालून टाकलेल्या तारेने लंडनशी जोडली गेली. १८८२ च्या जानेवारीत या शहरात टेलिफोनची सेवा सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकासाठी इंटरनेट खुले केले. त्या निगमाचे मुख्य कार्यालयही मुंबईच्या फोर्ट विभागातच होते. आजही परदेशांतून भारतात येणाऱ्या सागरी केबलींपैकी अनेक मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. त्यांतील काही तर प्रभादेवीला, म्हणजे दादर आणि परळ यांच्या अगदी शेजारी. असे असूनही लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे कुटुंब घरी ब्रॉडबँड घेण्याचे ठरविते, तेव्हा पत्ता सांगताच त्याला ‘आपल्या इमारतीत सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर ऐकावे लागते. सात समुद्र ओलांडून आलेली वाट जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन अडते.

गिरगावातील वाड्या, दादरमधील जुन्या तीन-चार मजली इमारती, परळ-लालबाग-काळाचौकीच्या चाळी या सर्व परिसरात थोड्याफार फरकाने हाच अनुभव आहे. समोर गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या उत्तुंग मनोऱ्यात एकाच घरात तीन कंपन्या सेवा द्यावयास तयार असतात आणि रस्त्याच्या अलीकडे एकही नसते. करोनाच्या काळात या भेदाची किंमत मुलांना मोजावी लागली. २०२० च्या जूनपासून शिक्षण ऑनलाइन सुरू झाले आणि मुंबईतील आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधल्या सव्वा वर्षात चाळीतील कित्येक मुलांची शाळा गॅलरीच्या ज्या कोपऱ्यात मोबाइलला ‘रेंज’ येई त्या कोपऱ्यातच भरली. तो काळ सरला. परंतु अकरावीचे प्रवेश, प्रवेशपरीक्षांचे अर्ज, घरून करावयाची नोकरी, बँकेचे व्यवहार, परदेशी असलेल्या मुलाशी आईवडिलांचे बोलणे हे सारे इंटरनेटवरच राहिले. त्यामुळे घरी चांगले ब्रॉडबँड असणे ही चैन उरलेली नाही.

अशा वेळी आपण सहसा काय करतो? दोन-तीन कंपन्यांची पत्रके समोर ठेवतो, कोणाचा वेग अधिक आणि कोणाचे पैसे कमी ते पाहतो आणि निर्णय घेतो. नव्या मुंबईतील किंवा ठाण्यातील नव्या संकुलात ही रीत चालून जाते. जुन्या मुंबईत मात्र ती फसते. येथे कंपनी कोणती, हा प्रश्न दुय्यम आहे. रस्त्यावरून आपल्या इमारतीत आणि इमारतीतून आपल्या दारापर्यंत येणारी वाट कोणती, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि बिघडली तर ती दुरुस्त कोण करणार, हे आधी पाहावयास हवे. या शेवटच्या शंभर फुटांचा प्रश्न एकट्या कुटुंबाला सुटत नाही; तो सगळ्या चाळीने मिळून सोडवावा लागतो.

घरमालक, गल्ली आणि केबलवाला

ही वाट का अडते, हे नीट समजून घेतले पाहिजे. १९६९ च्या कायद्याने मुंबई शहरातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी बहुसंख्य आजही उभ्या आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात घरमालकाला इमारतीविषयी आस्था उरली नाही आणि भाडेकरूला भिंतीत एक खिळा ठोकावयाचा तरी परवानगीची धास्ती. अशा इमारतीत गच्चीवर पेटी बसवावयाची, जिन्यातून तार न्यावयाची, तर संमती कोणाची घ्यावयाची, हेच कंपनीला कळत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या २९ व्या कलमान्वये घरमालकाला भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. त्या कलमात पाणी, वीज, जिन्यातील दिवे, उद्वाहन आणि सफाई यांचा उल्लेख आहे; इंटरनेटचा नाही. कायदा झाला त्या वेळी तो असणे शक्यही नव्हते. परंतु ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोच हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग मानल्यानंतर, या यादीचा पुनर्विचार करावयास राज्य शासनाला कोणती अडचण आहे?

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. रस्ता खोदून प्रकाशतंतू टाकावयाचा, तर महापालिकेची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचा आकार यांचे ओझे कंपनीवर पडते. एवढे करून जी इमारत पाच-सात वर्षांत पुनर्विकासाला जाणार तिच्यात पैसा का गुंतवावा, असा हिशेब कंपन्या करतात. तो त्यांच्या दृष्टीने चुकीचा नसेलही. परंतु ‘पाच-सात वर्षांत’ जाणार म्हणून सांगितलेल्या इमारती आपल्याकडे पंचवीस-पंचवीस वर्षे तशाच उभ्या असतात आणि तेवढ्या काळात एक पिढी शाळेत जाऊन नोकरीला लागलेली असते.

ही पोकळी भरून काढली ती गल्लीतील केबलवाल्याने. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा त्याने गच्चीवरून गच्चीवर तारा टाकल्या. १९९८ च्या धोरणाने इंटरनेट सेवेचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि पुढे त्याच तारांच्या वाटेने इंटरनेटही चाळीत शिरले. विसर्जनाच्या मिरवणुकीत उंच मूर्तीपुढे बांबूने तारा उचलून धरणारे कार्यकर्ते आपण दरवर्षी पाहतो. त्या तारांच्या जंजाळात आपल्या घराचे इंटरनेटही असते. केबलवाल्याला नावे ठेवणे सोपे आहे. त्याच्या सेवेत त्रुटी आहेत आणि काही गल्ल्यांत दुसऱ्याला पाऊल ठेवू न देण्याची दांडगाईही आहे. तथापि मोठ्या कंपन्यांनी ज्या दारांकडे पाठ फिरवली तेथे तो आला, आणि रविवारी रात्री शिडी घेऊन येणारा माणूसही अनेकदा तोच असतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणून त्याला टाळावे किंवा त्यालाच धरून राहावे, असा सरसकट सल्ला देता येत नाही. त्याची तार कशी आहे, हे पाहून ठरवावे.

चार वाटा

आपल्या घरी इंटरनेट येण्याच्या चार वाटा आहेत. त्यांतील पहिली म्हणजे टेलिफोनची तांब्याची तार. एमटीएनएलने २००५ साली मुंबईत ‘ट्रायबँड’ सेवा सुरू केली, तेव्हा मराठी मध्यमवर्गाच्या घरात ब्रॉडबँड प्रथम आले ते याच तारेवरून. या तारेचा गुणधर्म असा, की टेलिफोन एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढते तसा वेग घटतो. आणि जुन्या सांध्यांत पावसाचे पाणी शिरले, की आधी खरखर आणि मग शांतता. गेल्या दशकभरात एमटीएनएलची आर्थिक स्थिती ढासळली. २०२४ मध्ये तिला बँकांच्या कर्जाचे हप्तेही भरता आले नाहीत. घरातील जुना नंबर जिव्हाळ्याने जपावा, परंतु इंटरनेटसाठी तांब्याच्या तारेवर आज विसंबू नये.

दुसरी वाट म्हणजे इमारतीत कोठेतरी बसविलेल्या स्विचपासून घरापर्यंत आलेली जाड निळी किंवा करडी लॅन केबल. चाळींत हीच सर्वाधिक आढळते. जवळच्या अंतरात ती उत्तम काम देते. पण एका सलग तुकड्याची मर्यादा शंभर मीटरची आहे. गच्च्यांवरून वळसे घेत येणारी केबल ही मर्यादा सहज ओलांडते आणि मग जोडणी वारंवार तुटते. शिवाय मधल्या स्विचला वीज लागते. ती जिन्यातील सामाईक मीटरवरून किंवा कोणा एका भाडेकरूच्या घरातून घेतलेली असते. त्या घरातील फ्यूज गेला, की सगळ्या मजल्याचे इंटरनेट बंद! पावसाळ्यात विजा कडाडल्या, की तांब्यातून येणाऱ्या झटक्याने स्विच आणि राऊटर दोन्ही जळण्याचा धोका असतो तो निराळाच.

तिसरी वाट प्रकाशतंतूची, म्हणजे फायबरची. त्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे विजेचा झटका त्यातून घरात येत नाही आणि ओलीचाही त्रास कमी. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू साध्या विभाजकाने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. या विभाजकाला वीज लागत नाही. म्हणून जिन्यातील दिवे गेले तरी, घरातील उपकरणाला वीज असेल तर, सेवा चालू राहते. मात्र हा तंतू काचेचा असतो. तो खिडकीच्या फटीत दाबला, खिळ्याभोवती काटकोनात वळवला किंवा उंदराने कुरतडला, की प्रकाश अडतो. तो जोडावयास खास यंत्र आणि ते हाताळणारा माणूस लागतो. ‘फायबर आहे’ असे सांगणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: तंतू थेट माझ्या खोलीत येणार, की इमारतीच्या दारापर्यंत फायबर आणि तेथून पुढे लॅन केबल? दोहोंनाही जाहिरातीत फायबरच म्हटले जाते.

चौथी वाट बिनतारी. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचा आरंभ झाला आणि २०२३ मध्ये एअरटेल व जिओ या दोन्ही कंपन्यांनी मुंबईत ‘एअरफायबर’ या नावाने घरगुती सेवा आणली. खिडकीबाहेर किंवा गच्चीवर एक पेटी बसते, ती मोबाइलच्या मनोऱ्याशी बोलते आणि घरात वाय-फाय मिळते. घरमालक जिन्यातून तार नेऊ देत नाही, त्या घराला ही सेवा वरदान ठरू शकते. परंतु नावात फायबर असले तरी ती हवेतूनच येते, हे ध्यानी ठेवावे. पेटी आणि मनोरा यांच्यामध्ये नवा चाळीस मजली टॉवर उभा राहिला, तर सेवा मंदावते. आणि हीच लहर मोबाइलधारकांशी वाटून घ्यावी लागते. अनंत चतुर्दशीच्या दिवशी लालबागच्या रस्त्यावरून किंवा गिरगाव चौपाटीवरून फोन लावण्याचा ज्याने प्रयत्न केला असेल, त्याला गर्दीत लहरीचे काय होते हे सांगावयास नको. उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटची चर्चा अलीकडे बरीच आहे, २०२५ मध्ये स्टारलिंकला परवानाही मिळाला. परंतु त्या साधनाला मोकळे आकाश आणि विरळ वस्ती मानवते. गिरगावच्या वाडीला त्याचा उपयोग बेताचाच.

सारांश असा, की तंतू थेट खोलीत येत असेल तर प्रथम पसंती त्याला. तो नसेल, तर जवळच्या स्विचपासूनची आखूड लॅन केबल. तीही नसेल, तर बिनतारी सेवा, आणि ती घेण्यापूर्वी संध्याकाळी आठ ते अकरा या वेळात चालवून पाहावी. सकाळी अकरा वाजता आलेल्या विक्रेत्याने दाखविलेला वेग हा त्या वेळचा असतो. सारे घरी परततात त्या वेळचा नव्हे.

आकड्यांची भाषा

वेगाविषयी थोडे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे कायद्याच्या भाषेत ब्रॉडबँड असणे आणि घराच्या गरजेला पुरेसे असणे यांत मोठे अंतर आहे. व्हिडिओवरून होणाऱ्या एका वर्गाला किंवा बैठकीला दोन ते चार एमबीपीएस पुरतात. स्वच्छ चित्राच्या एका चित्रपटाला पाचच्या आसपास. चार माणसांच्या कुटुंबात सारेजण एकाच वेळी काही ना काही करीत असले तरी ४० ते ५० एमबीपीएस सुखाने पुरेसे होतात. जाहिरातीतील ३०० आणि ५०० चे आकडे ज्यांना खरोखर लागतात, अशी घरे थोडी. पैसे वेगावर घालण्यापेक्षा स्थैर्यावर घालावेत. दिवसातून दहा वेळा तुटणाऱ्या २०० पेक्षा अखंड चालणारे ४० केव्हाही श्रेष्ठ.

आणखी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एमबीपीएसमधील ‘बी’ हा बिटचा असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइट या वेगाने उतरते. त्यात फसवणूक नाही, ते गणितच तसे आहे. दुसरे, खाली येणारा वेग आणि वर जाणारा वेग वेगळे असू शकतात. घरून काम करणाऱ्याला आणि ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेला वर जाणारा वेग महत्त्वाचा. तो वेगळा विचारून घ्यावा. तिसरे, ‘अमर्याद’ या शब्दाला बहुधा मर्यादा असते. ठरावीक वापरानंतर वेग किती उरेल, हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे ट्रायने २०१६ मध्येच कंपन्यांना बंधनकारक केले आहे. तो आकडा मागून घ्यावा. जाहिरातीतील दरावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा लागतो. सहाशे रुपयांचे देयक प्रत्यक्षात सातशे आठ रुपयांचे असते. आणि ज्याची सेवा अजून पाहिलेली नाही, त्याला सवलतीच्या मोहाने वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नयेत.

तक्रार करण्यापूर्वी

पुष्कळदा दोष बाहेरच्या तारेत नसून आपल्या खोलीतच असतो. राऊटर दोन पट्ट्यांत चालतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती पार करते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: १, ६ आणि ११. एका मजल्यावर वीस खोल्या आणि वीस राऊटर असले, की त्या तीन वाहिन्यांवर वीस जणांची झुंबड उडते. सार्वजनिक नळावर सारे हंडे एकाच वेळी लागावेत, तशी ही गत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीत वाहिन्या अधिक आहेत. तिची लहर जाड भिंतींपुढे दमते खरी, परंतु दहा बाय बाराच्या खोलीत भिंत ओलांडावयाचीच कुठे असते? शेजाऱ्याची लहरही तिकडून कमीच येते. म्हणून चाळीतील खोलीसाठी दोन्ही पट्ट्यांचा राऊटर घ्यावा, तो लोखंडी कपाटामागे न ठेवता उंचावर उघडा ठेवावा आणि मोबाइल-संगणक ५ च्या पट्टीवर जोडावेत. नोकरीचा संगणक एकाच जागी असेल, तर त्याला राऊटरमधून सरळ तारच लावावी. वाय-फायच्या निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

शहर विभागात ‘बेस्ट’ची वीज सहसा जात नाही. तरी १२ ऑक्टोबर २०२० रोजी सारी मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षांनाही त्याचा फटका बसला, हे विसरता येत नाही. राऊटरपुरती लहान बॅटरी बाजारात मिळते. ज्या घरात परीक्षार्थी किंवा घरून काम करणारा आहे, त्या घरात ती असावी.

एवढे करूनही सेवा बिघडली तर तक्रार तोंडी करू नये. तक्रारीचा क्रमांक घ्यावा, तारीख-वेळ वहीत लिहावी. २०१२ च्या नियमांनुसार दूरसंचार कंपनीत तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकारीही असतो. समाधान न झाल्यास तीस दिवसांच्या आत त्याच्याकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, तेव्हा तेथे अर्ज करून वेळ दवडू नये. मात्र दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नोंदवही असेल तर तेथे आपली बाजू उभी राहते.

एका घराऐवजी साऱ्या चाळीने

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एका खोलीसाठी रस्त्यावरून तंतू आणणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही; तीस खोल्यांसाठी परवडते. एका भाडेकरूला घरमालक दारातून परत पाठवितो. तीस भाडेकरूंच्या सह्यांचा अर्ज त्याला वाचावा लागतो. ही युक्ती आपल्याला नवी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधून महिन्याचे वाणसामान एकत्र घेण्याची पद्धत याच शहरात रुजविली. बाजारापुढे एकटा ग्राहक दुबळा असतो आणि संघटित ग्राहक अटी घालू शकतो, हा धडा तांदूळ-डाळीपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

चाळीतील दोघा-तिघांनी पुढाकार घ्यावा. कोणाला जोडणी हवी, सध्या कोणाकडे कोणाची आहे आणि ती कशी चालते, याची एका कागदावर नोंद करावी. घरमालकाची किंवा सोसायटीची लेखी संमती आधी घ्यावी. मग किमान दोन सेवादात्यांना बोलवावे. त्यांत गल्लीतील केबलवालाही असू द्यावा. अटी आपण घालाव्यात: तारा गॅलरीच्या कठड्यावरून लोंबणार नाहीत, जिन्याच्या कोपऱ्यातून नळीत बंद होऊन जातील, सामाईक पेटीला बॅटरी असेल, बिघाड किती तासांत दुरुस्त होणार, ते लिहून दिले जाईल, आणि दुसऱ्या कोणा सेवादात्याला इमारतीत येण्यास आडकाठी राहणार नाही. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. आज स्वस्त देणाऱ्याला इमारत आंदण दिली, तर उद्या तो महाग झाल्यावर करणार काय?

येथे एक इशाराही द्यावयास हवा. एकच जोडणी घेऊन ती दहा घरांत वाटण्याचा मोह काही ठिकाणी होतो. तसे करू नये. त्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले, तर ज्याच्या नावावर ती आहे त्याच्या दारात पोलीस उभे राहतात. सार्वजनिक वापरासाठी सरळ मार्ग उपलब्ध आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत लहान दुकानदाराला किंवा संस्थेला वेगळ्या परवान्याशिवाय वाय-फाय केंद्र चालविता येते.

मुंबईच्या मंडळांनी याचा विचार करावा. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. या काळात मंडळांनी व्यायामशाळा उभारल्या, रुग्णवाहिका घेतल्या, रक्तदान शिबिरे भरविली, अभ्यासिका चालविल्या. ज्या मुलाच्या एका खोलीत सहा माणसे राहतात, त्याला मंडळाच्या अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत एक खुर्ची, एक दिवा आणि न तुटणारे इंटरनेट मिळाले, तर रोषणाईच्या एका कमानीच्या खर्चात वर्षभराचे काम होईल. कार्यकर्त्याला यासाठी संगणकाचे शास्त्र शिकावयास नको. चार घरे फिरण्याची सवय त्याला आहेच.

पुनर्विकासाचा करार करताना

शेवटचा मुद्दा ज्यांच्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत, त्यांच्यासाठी. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाण्याचा तो क्षण होता. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळीही त्याच मार्गावर आहेत. गिरगाव-दादरच्या कित्येक उपकरप्राप्त इमारतींत विकासकाशी बोलणी सुरू आहेत. या बोलण्यांत क्षेत्रफळ, संक्रमण काळातील भाडे, कॉर्पस निधी आणि वाहनतळ यांवर रात्र-रात्र चर्चा होतात. तार कोठून जाणार, याविषयी कोणी बोलत नाही. मग ताबा घेतल्यावर कळते, की विकासकाने एका कंपनीशी आधीच करार केला आहे आणि दुसऱ्या कंपनीची तार नेण्यास भिंतीत जागाच ठेवलेली नाही. चाळीत घरमालकाने अडविले, नव्या मनोऱ्यात विकासक अडवितो.

हे टाळणे आज शक्य आहे, उद्या नसेल. करारात चार वाक्ये घालावीत. प्रत्येक मजल्यापर्यंत दूरसंचार तारांसाठी विजेच्या नळ्यांपासून वेगळी, मोकळी वाट असावी. एकाहून अधिक कंपन्यांची उपकरणे बसतील एवढी खोली तळमजल्यावर असावी. या वाटेची मालकी सोसायटीची असावी. आणि कोणत्याही एका कंपनीला एकाधिकार नसावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयीनुसार तारांकन देण्याची नियमावली काढली आहे. विक्रीच्या सदनिकांच्या जाहिरातीसाठी विकासक असे तारांकन मिळवू पाहील. पुनर्वसनाच्या इमारतीलाही तेच लागू करावे, असा आग्रह मूळ रहिवाशांनी धरावा. एकाच भूखंडावर विक्रीच्या मनोऱ्याला तीन तंतू आणि पुनर्वसनाच्या इमारतीला एक लोंबती केबल, असे चित्र निर्माण होऊ द्यावयाचे नसेल, तर सही करण्यापूर्वी विचारले पाहिजे.

मराठी माणूस गिरगाव-परळमधून उपनगरांकडे का गेला, याची कारणे मोठी आहेत. ब्रॉडबँड हे त्यांतील एक नव्हे. परंतु जो येथे टिकून राहिला, त्याच्या मुलाला केवळ पत्त्यामुळे मागे राहावे लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. त्यासाठी येत्या रविवारी चाळीतल्या दोघांनी जिन्यात उभे राहून वरच्या तारा कोठून येतात आणि कोठे जातात ते पाहावे, कोणती कोणाची ते विचारावे आणि कागदावर उतरवून घ्यावे. पहिल्या बैठकीला तेवढा कागद पुरेसा आहे.